अँड्र्यू विल्सन बेअर्ड

कर्नल अँड्र्यू विल्सन बेअर्ड (२६ एप्रिल १८४२ – २ एप्रिल १९०८) हे ब्रिटिश भारतातील लष्करी अभियंते, सर्वेक्षक आणि भरती-ओहोटीचे अभ्यासक होते. भारताच्या किनाऱ्यावर स्वयंलेखी भरतीमापक यंत्रांची पहिली पद्धतशीर साखळी त्यांनी उभारली. जमिनीची उंची मोजण्यासाठी समुद्राची सरासरी पातळी निश्चित करणे हा या साखळीचा मूळ हेतू होता. परंतु २७ ऑगस्ट १८८३ रोजी सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटाऊ हे ज्वालामुखी बेट उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या उत्पाताने उसळलेली लाट याच यंत्रांच्या कागदावर उमटली. ज्वालामुखी बेट कोसळल्याने उठणारी त्सुनामी किती दूर जाते, किती वेळात जाते आणि दूरच्या किनाऱ्यावर तिचे बळ किती उरते, या प्रश्नांची भारतापुरती पहिली मोजलेली उत्तरे बेअर्ड यांच्या नोंदींतून मिळाली.

जन्म, शिक्षण आणि मुंबईतील आरंभीची वर्षे

बेअर्ड यांचा जन्म स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झाला. तेथील ग्रामर स्कूल व मारिशल कॉलेज येथे शिक्षण घेतल्यावर १८६० मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोंब येथील लष्करी विद्यालयात प्रवेश घेतला. कंपनीचे राज्य संपुष्टात आले असल्याने लवकरच त्यांना वुलिच येथील लष्करी अकादमीत पाठविण्यात आले. डिसेंबर १८६१ मध्ये ते रॉयल इंजिनिअर्स या दलात लेफ्टनंट झाले आणि १८६४ मध्ये भारतात आले.

त्यांची पहिली नेमणूक मुंबई बंदराच्या संरक्षणकामांवर झाली. बंदरातील ऑयस्टर रॉक आणि मिडल ग्राउंड या खडकांवर तोफांचे मोर्चे बांधण्याचे काम त्या वेळी चालू होते. पुढे किनाऱ्यालगतची जमीन भराव घालून समुद्रातून काढण्याच्या सरकारी कामावर ते होते. भरतीच्या वेळी बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागी बांधकाम करणाऱ्याला पाण्याची पातळी तासातासाला मोजावी लागते. बेअर्ड यांच्या पुढील आयुष्याचा विषय या मुंबईच्या वर्षांतच त्यांच्या हाताखालून गेला, असे मानण्यास हरकत नाही. १८६८ मध्ये नेपियरच्या ॲबिसिनिया मोहिमेत ते साहाय्यक क्षेत्र-अभियंता होते. तेथे तळापासून टाकलेल्या लोहमार्गाच्या वाहतुकीची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

त्रिकोणमितीय सर्वेक्षण आणि कच्छचे आखात

डिसेंबर १८६९ मध्ये बेअर्ड भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दाखल झाले. काठेवाड व गुजरात भागातील कामात उन्हातान्हाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८७० मध्ये त्यांना रजेवर मायदेशी जावे लागले. ही सक्तीची रजा त्यांच्या उपयोगी पडली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने भरती-ओहोटीच्या गणिताची नवी पद्धत विकसित केली होती. बेअर्ड यांनी इंग्लंडमध्ये ती शिकून घेतली.

या पद्धतीचे मर्म थोडक्यात असे. भरती ही वरवर एकच हालचाल दिसत असली, तरी ती अनेक लयींची बेरीज असते. चंद्राची लय वेगळी, सूर्याची वेगळी. चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर बदलते त्याची आणखी वेगळी. एखाद्या बंदरात वर्षभर तासागणिक पाण्याची पातळी नोंदवली, तर गणिताने या लयी सुट्या करता येतात. त्या सुट्या झाल्या की त्या बंदरातील पुढील काळाची भरती आधीच सांगता येते. चंद्र-सूर्यांच्या हिशेबात न बसणारे काही पाण्याने केले, तर तेही चटकन ओळखू येते. हा दुसरा उपयोग त्या काळी कोणाच्या विशेष ध्यानात नव्हता.

भारतात परतल्यावर त्यांना कच्छच्या आखाताचे काम मिळाले. आखाताच्या भोवतालची जमीन समुद्राच्या तुलनेत वर येत आहे की खाली जात आहे, हे ठरविण्यासाठी तेथे दीर्घकाळ पातळी मोजावयाची होती. आखाताच्या मुखाशी ओखा, मध्ये कच्छच्या बाजूस नवानार आणि टोकाकडे हंसथल अशी तीन ठिकाणे त्यांनी निवडली. चिखल, खारटाण, पिण्याच्या पाण्याचा तुटवडा आणि वस्तीपासूनचे अंतर यांमुळे यंत्रे उभी करणे आणि ती अखंड चालू ठेवणे हीच मोठी कसोटी होती. १८७४-७५ च्या सुमारास मिळालेल्या या नोंदींवरूनच भारत सरकारने पुढील निर्णय घेतला.

किनाऱ्यावरील साखळी

१८७७ मध्ये देशातील प्रमुख बंदरांत व एडन येथे पद्धतशीर भरतीमापन करण्याची जबाबदारी बेअर्ड यांच्यावर सोपविण्यात आली. पुढच्या काही वर्षांत पश्चिमेकडे एडन, कराची, मुंबई, कारवार व बेपूर, पूर्वेकडे पांबन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम, फॉल्स पॉइंट आणि हुगळीचे मुख, तसेच ब्रह्मदेशाचा किनारा आणि अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथपर्यंत केंद्रे उभी राहिली. मुंबईचे यंत्र अपोलो बंदरावर १८७८ मध्ये सुरू झाले. या पथकाची कचेरी पुण्यात होती.

यंत्राची रचना साधी होती. किनाऱ्यालगत एक विहीर घेऊन ती नळाने समुद्राशी जोडत. नळ अरुंद असल्याने वाऱ्याने उठणाऱ्या नेहमीच्या लाटांचा धिंगाणा विहिरीत शिरत नसे. पाणी मात्र समुद्राबरोबर सावकाश वर-खाली होई. पाण्यावर एक पोकळ तरंगता डबा सोडलेला असे. त्याला बांधलेल्या तारेच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल आणि पेन्सिलीखाली घड्याळाच्या यंत्राने फिरणारे, कागद गुंडाळलेले नळकांडे. दिवसभरात कागदावर भरती-ओहोटीची वळणदार रेघ उमटे. काम करणाऱ्या कारकुनाने घड्याळ वेळेवर मिळवले, विहिरीतला गाळ काढला आणि कागद चुकता बदलला, तरच त्या रेघेला अर्थ असे. या साखळीचे यश गणिताइतकेच त्या निनावी नोकरांच्या नियमितपणावर उभे होते, हे सहसा सांगितले जात नाही.

१८८१ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेत बेअर्ड यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि भरतीविषयक कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८८१ रोजी, कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याची सागरी लाट बंगालच्या उपसागराभोवतीच्या आठ भरतीमापकांवर नोंदली गेली. लाट एक मीटरहूनही कमी उंचीची होती. सर्वेक्षणातील मेजर रॉजर्स यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. चंद्र-सूर्यांच्या हिशेबाबाहेरचे पाणीही ही यंत्रे पकडतात, हे त्यामुळे सिद्ध झाले होते. दोन वर्षांच्या आत त्याहून मोठी परीक्षा आली.

क्राकाटाऊची लाट

जावा आणि सुमात्रा यांच्यामधील क्राकाटाऊ बेटावर २० मे १८८३ पासून उद्रेक सुरू झाला होता. २६ ऑगस्टच्या दुपारपासून त्याने उग्र रूप धारण केले आणि २७ ऑगस्टच्या सकाळी, स्थानिक वेळेनुसार दहाच्या सुमारास, सर्वांत मोठा स्फोट झाला. बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला आणि त्याच्या जागी समुद्राने भरलेले खोल कुंड उरले. सामुद्रधुनीच्या दोन्ही किनाऱ्यांवर काही ठिकाणी ३० मीटरहून उंच लाटा चढल्या. अधिकृत गणनेनुसार ३६,००० हून अधिक माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेक राखेने किंवा आगीने नव्हे, तर पाण्याने गेली.

बेट कोसळल्याने लाट का उठते, हे समजणे अवघड नाही. ज्वालामुखी बेट हे राख, दगड आणि लाव्हा यांच्या थरांचा, समुद्राच्या तळापासून उभा राहिलेला ढीग असते. खालचा शिलारस बाहेर पडून पोकळी झाली तर वरचा भाग आत खचतो. बाजूचा उतार ठिसूळ झाला तर तो सरळ समुद्रात घसरतो. आणि तप्त राख-दगडांचे लोट वेगाने पाण्यात शिरले तरी पाणी तितक्याच जोराने बाजूला ढकलले जाते. १८८३ मध्ये यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. डच भूवैज्ञानिक फर्बेक यांनी घटनास्थळाची पाहणी करून बेट खचल्याचा सिद्धान्त मांडला होता. अलीकडे तप्त लोटांना अधिक महत्त्व दिले जाते.

ही लाट हिंदी महासागरात पसरली. खोल समुद्रात अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोलीवर तो ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास असतो. काही तासांतच ती भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आली आणि श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याकडेही गेली. श्रीलंकेत एका स्त्रीचा तिने बळी घेतल्याची नोंद आढळते. मुंबईजवळ वांद्र्याच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी अवेळी आणि झपाट्याने मागे हटले, मासे वाळूवर उघडे पडले आणि लहानथोरांनी ते सहज गोळा केले, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. किनाऱ्यावरून समुद्र असा अचानक मागे जाणे ही त्सुनामीची खूण असते, हे आज शाळेतली मुलेही शिकतात. वांद्र्याचे लोक मासे वेचून सुखरूप घरी गेले, कारण लाट तेथवर येईतो थकली होती.

वृत्तपत्रातील अशा वर्णनावरून लाटेचा वेग काढता येत नाही. त्यासाठी मिनिटांची नोंद लागते, आणि ती बेअर्ड यांच्या नळकांड्यांवर होती. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. २७ ऑगस्टला कृष्ण पक्षातील भांगाच्या भरतीचे दिवस चालू होते, तरीही नेहमीच्या चढ-उतारात दूरवरून आलेली दुबळी लाट नुसत्या डोळ्यांना ओळखू येणे कठीण. कागदावरील एरवी गुळगुळीत असणारी रेघ मात्र त्या दिवशी दातेरी झाली. त्या दिवशी भरती किती असावयास हवी होती, हे आधीच्या गणिताने माहीत असल्यामुळे उरलेला फरक क्राकाटाऊच्या पदरी घालता आला.

बेअर्ड यांनी निरनिराळ्या बंदरांचे कागद एकत्र मागवून पाण्यातील खळबळ कोठे केव्हा सुरू झाली, मोठी लाट केव्हा पोहोचली आणि तिच्यामागून येणाऱ्या लाटांचे अंतर किती होते, हे ताडून पाहिले. अंतर आणि वेळ यांवरून लाटेच्या प्रवासाचा वेग काढला. जावातील उत्पातामुळे झालेल्या या खळबळीवरील त्यांचा अहवाल १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. भरतीच्या हालचालीवर चढलेल्या या लाटांना त्यांनी अधिभरती लाटा अशा अर्थाचे वेगळे नाव दिले. रॉयल सोसायटीच्या समितीने १८८८ मध्ये काढलेल्या क्राकाटाऊविषयक मोठ्या ग्रंथात कॅप्टन व्हार्टन यांनी सागरी लाटांचे प्रकरण लिहिले; त्यातील हिंदी महासागराचे चित्र बऱ्याच अंशी या भारतीय नोंदींवर आधारलेले आहे. याच उत्पाताने निर्माण झालेली हवेच्या दाबाची लाट मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही नोंदली गेली होती. स्फोटाचा पाण्यातून आणि हवेतून आलेला असा दोन्ही निरोप मुंबईत टिपला गेला.

उत्तरायुष्य

१८८५ मध्ये बेअर्ड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र, गणितज्ञ जॉर्ज डार्विन यांच्यासह त्यांनी भारतीय बंदरांच्या भरतीच्या पृथक्करणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८८६ मध्ये निघालेली भरतीमापनाची त्यांची मार्गदर्शिका यंत्र बसविण्यापासून आकडेमोडीपर्यंत सर्व टप्पे सांगते.

त्यानंतर त्यांची वाट बदलली. १८८९ मध्ये ते कलकत्त्याच्या टांकसाळीचे प्रमुख झाले आणि १८९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच पदावर राहिले. खाजगी चांदीची नाणी पाडून देणे सरकारने १८९३ मध्ये बंद केले, तो भारतीय चलनाच्या इतिहासातील महत्त्वाचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतच अमलात आला. निवृत्तीच्या वर्षी त्यांना सी.एस.आय. हा किताब मिळाला. १८७२ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. त्यांना दोन मुलगे व पाच मुली होत्या. २ एप्रिल १९०८ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

समुद्रसपाटी आणि अंतर्भाग

बेअर्ड यांच्या कामाचा मूळ हेतू किनाऱ्यापेक्षा देशाच्या अंतर्भागाशी अधिक निगडित होता. भारतातील उंची मोजण्याचे जाळे १९०९ मध्ये एकत्र जुळविण्यात आले, तेव्हा कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ बंदरांतील सरासरी समुद्रपातळी शून्य धरण्यात आली. बंदरातील खुणेपासून टप्प्याटप्प्याने पातळी मोजत हे जाळे पठारावर आले. समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या वाशीमच्या रेल्वे स्थानकावरील फलकात समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, तिचे मूळ असे विहिरीत तरंगणाऱ्या डब्यांपर्यंत जाते. बेअर्ड यांच्या काळात बाशीम या नावाने वऱ्हाडातील जिल्हा असलेला हा प्रदेश स्वतः ज्वालामुखीच्याच खडकावर वसला आहे. त्याच्या काळ्या जमिनीखालील बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो लाव्हा केव्हाच थंड झालेला असल्याने येथे उद्रेकाची भीती नाही.

नोंदींचे आजचे महत्त्व

क्राकाटाऊच्या कुंडातून १९२७ मध्ये नवे बेट वर आले. त्याला अनाक क्राकाटाऊ, म्हणजे क्राकाटाऊचे मूल, असे म्हणतात. त्याचा नैर्ऋत्येकडील उतार घसरून त्सुनामी येऊ शकते, असे दाखविणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री तेच घडले. ३३८ मीटर उंचीचे बेट सुमारे ११० मीटरवर आले आणि जावा-सुमात्राच्या किनाऱ्यांवर चारशेहून अधिक माणसे मरण पावली. लाट पोहोचण्यापूर्वी इशारा मिळाला नाही. त्सुनामीच्या इशाऱ्याची व्यवस्था प्रामुख्याने मोठ्या भूकंपाच्या नोंदीवर चालते. बेट कोसळताना मोठा भूकंप होईलच असे नाही. अशा वेळी पाण्याची पातळी मोजणारे यंत्र हाच पहिला विश्वसनीय साक्षीदार ठरतो.

भारतीय किनाऱ्यापुरते पाहता १८८३ च्या नोंदी धोक्याचे प्रमाण ठरविण्यास उपयोगी पडतात. उतार घसरून उठणारी लाट जवळच्या किनाऱ्यावर भयंकर असते, पण हजारो किलोमीटर जाताना ती झपाट्याने क्षीण होते. प्रदीर्घ भूकंपभ्रंशावर उठलेल्या लाटेची गोष्ट वेगळी: २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तमिळनाडूपर्यंत संहार केला. कोकण किनाऱ्याला सुंदा सामुद्रधुनीपेक्षा अरबी समुद्राच्या उत्तरेकडील मकरान किनाऱ्याजवळचा भूकंपप्रवण पट्टा अधिक जवळचा आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे झालेल्या भूकंपाच्या लाटेने मुंबईतही बळी घेतले होते. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमान समुद्रातील बॅरन बेट, पाण्यावर सुमारे साडेतीनशे मीटरच दिसतो. परंतु समुद्रतळापासून त्याची उंची दोन किलोमीटरच्या घरात आहे. १९९१ पासून तो अधूनमधून उद्रेक करीत आहे. बॅरन कोसळल्यास पहिला प्रश्न अंदमानच्या वस्तीचा असेल. तेथून लाट पोहोचण्यास लागणारा वेळ थोडा आहे.

२००४ च्या आपत्तीनंतर हैदराबाद येथे २००७ मध्ये भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. खोल समुद्रातील दाबमापकांबरोबर किनाऱ्यावरील भरतीमापकांची माहितीही तेथे सतत येत असते. पेन्सिलीची जागा आता संवेदकांनी घेतली आहे. अपोलो बंदरावर १८७८ मध्ये सुरू झालेली मुंबईची नोंद हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी एक असून समुद्रपातळी किती वाढत आहे, याच्या अभ्यासातही ती वापरली जाते.